सातबाऱ्यावर न येणारा वारसा

1843 साली मुंबईच्या सुप्रीम कोर्टापुढे एका मुलाचा तंटा आला. नारायण शेषाद्री नावाच्या ब्राह्मण तरुणाने स्कॉटिश मिशनऱ्यांकडून बाप्तिस्मा घेतला होता. त्याचा धाकटा भाऊ श्रीपत, अजून अज्ञान, भावामागोमाग मिशनऱ्यांच्या घरी राहायला गेला. वडिलांनी कोर्ट गाठले आणि कोर्टाने मुलगा त्यांच्या ताब्यात दिला. मग दुसरा वाद पेटला. पाद्र्याच्या घरी जेवलेल्या पोराला जातीत परत घ्यायचे की नाही? बाळशास्त्री जांभेकर घ्यावे म्हणून उभे राहिले, सनातन्यांनी रान उठवले. श्रीपतच्या स्वतःच्या म्हणण्याला त्याच्या वयामुळे कायद्यात वजन नव्हते.

मुलाचा धर्म कुणाचा, हा प्रश्न मराठी ख्रिस्ती समाजाच्या जन्माबरोबरच असा जन्मला. त्या वेळी तो हिंदू बापाने विचारला. पुढच्या पिढीत तोच ख्रिस्ती बापाला छळू लागला. ज्याने घरदार सोडून श्रद्धा निवडली, त्याच्या मुलाच्या वाट्याला ती न निवडता येते. बापाने भोगलेला बहिष्कार मुलाला ऐकून ठाऊक असतो. नातवाला तोही कंटाळवाणा वाटतो. निवडीची वारसाहक्काने वाटणी कशी करायची? जमिनीचे बरे असते. तलाठ्याकडे जावे, वारसांची नावे चढवून घ्यावीत.

गंमत म्हणजे कायद्याने इथे जमिनीलाही हात घातला आहे. 1850च्या कायद्याने धर्मांतर करणाऱ्याचा वडिलोपार्जित मालमत्तेवरचा हक्क शाबूत ठेवला. तो धर्म बदलणाऱ्यापुरता. 1956च्या हिंदू वारसा कायद्याचे कलम 26 सांगते की धर्मांतरानंतर झालेली मुले, वारसा खुला होताना ती स्वतः हिंदू नसतील, तर हिंदू नातेवाइकांच्या मिळकतीत वारस ठरत नाहीत. म्हणजे बापाने धर्म बदलला तरी आजोबांच्या शेतात त्याचा वाटा उरतो, आणि नातवाचा जातो. विश्वासाची किंमत दुसऱ्या पिढीने भरायची, असे कलमात लिहून ठेवल्यासारखेच आहे हे.

या विषयाचा आढावा घ्यायचा तर टिळकांच्या घराला वळसा घालून जाता येत नाही. नारायण वामन टिळकांनी 10 फेब्रुवारी 1895 रोजी मुंबईत बाप्तिस्मा घेतला. लक्ष्मीबाईंना तो घरावर कोसळलेला डोंगर वाटला. नवरा जिवंत असून गेल्यासारखा. पाचेक वर्षे ओढाताण चालली आणि 1900 साली त्यांनीही बाप्तिस्मा घेतला. मधल्या काळात काय घडले ते 'स्मृतिचित्रे'त त्यांनीच सांगितले आहे, आणि माझ्या मते ख्रिस्ती श्रद्धा घरात कशी उतरते याचा त्याहून प्रामाणिक पुरावा मराठीत दुसरा नाही. टिळकांनी सिद्धांत पटवून बायकोला ख्रिस्ती केले, असे त्यात कुठेही नाही. आधी सोवळे सुटले. जात माणसाने केली, देवाने नव्हे, असे त्यांचे त्यांनाच एकदा उमगले आणि कुणाच्याही हातचे पाणी चालू लागले. धर्म नंतर आला, तोही स्वयंपाकघराच्या दाराने. नवरा तापट, भोळा, हातात पैसा न टिकणारा, घरात उपऱ्या माणसांचा राबता. बाईने वाद घातला, रुसली, थट्टा केली, आणि या सगळ्यातून तिची स्वतःची श्रद्धा घडली. ती टिळकांच्या श्रद्धेची नक्कल नव्हती.

पुढे काय झाले तेही पाहण्यासारखे आहे. टिळकांनी 'ख्रिस्तायन' हे महाकाव्य लिहायला घेतले आणि दहाएक अध्याय होतात तोच 1919 साली ते गेले. लक्ष्मीबाईंनी त्यात आणखी 64 अध्यायांची भर घालून ते तडीस नेले. ज्या बाईला नवऱ्याचा धर्म अमान्य होता, तिनेच त्याचे सर्वांत मोठे काम पुरे केले. त्यांचा मुलगा देवदत्त वडिलांच्या चरित्राची जुळवाजुळव करत होता, त्याने आईला आठवणी लिहायला बसवले, आणि त्यातून 'स्मृतिचित्रे' झाले. नातू अशोक देवदत्त टिळक यांनी त्याची साक्षेपी आवृत्ती काढली आणि आजोबांवर चरित्रात्मक कादंबरीही लिहिली. तीन पिढ्यांच्या हातून काय गेले ते मोजायला बसलो तर चर्चच्या हजेरीपेक्षा कागदच जास्त निघतात.

टिळक स्वतः मात्र शेवटी मिशनच्या चौकटीबाहेर पडले होते. 1917 साली मिशनची नोकरी सोडून त्यांनी 'देवाचा दरबार' मांडला आणि त्यात बाप्तिस्मा घेतलेल्यांबरोबर न घेतलेल्यांनाही जागा ठेवली. मूळ पुरुषानेच दार उघडे ठेवले म्हटल्यावर वारसांनी कडी लावायची की नाही, यावर आमच्या मंडळ्यांतून अजून दोन तट पडतात.

पंडिता रमाबाईंची कथा याहून कडक आहे. 29 सप्टेंबर 1883 रोजी इंग्लंडमध्ये वाँटेजला त्यांनी बाप्तिस्मा घेतला तेव्हा अडीच वर्षांची मनोरमाही त्यांच्याबरोबर ख्रिस्ती झाली. पण त्यानंतर रमाबाई आणि त्यांच्या धर्ममाता सिस्टर जेराल्डिन यांच्यात जो पत्रव्यवहार झाला तो वाचताना वाटते, हे एका लहान मुलीच्या मनाच्या ताब्यासाठी चाललेले युद्ध आहे. रमाबाईंना त्रैक्याचा सिद्धांत सहजासहजी पटत नव्हता. जे आपल्याला पटलेले नाही ते मुलीला पाठ करायला लावू नका, तिला कोणत्या पंथाचे शिक्षण द्यायचे हे तिची आई ठरवील, असा त्यांचा हट्ट होता. सिस्टरच्या नजरेत हा अहंकार. मला तो प्रामाणिकपणा वाटतो. रमाबाईंनी पुढे आपल्या साक्षीत स्वतःच कबूल केले की आपल्याला ख्रिस्ती धर्म आधी मिळाला आणि ख्रिस्त बऱ्याच वर्षांनी. बाप्तिस्म्याची तारीख आणि श्रद्धेची तारीख एक नसते, हे ज्या आईला स्वतःच्या आयुष्यातून कळले, ती मुलीच्या बाबतीत घाई कशी करील?

मनोरमा शिकून परतली आणि आईच्या कामात खांद्याला खांदा लावून उभी राहिली. केडगावच्या मुक्ती मिशनची धुरा तिच्याकडे जाणार होती. पण जुलै 1921मध्ये मनोरमा गेली, आणि 5 एप्रिल 1922 रोजी, बायबलचे मराठी भाषांतर हातावेगळे करून, रमाबाई. रक्ताचा धागा तिथे संपला. मुक्ती मात्र चालू राहिली. दुष्काळातून, वैधव्यातून तिथे आलेल्या मुलींनी पुढे संसार थाटले आणि त्यांची नातवंडे आज पुण्या-मुंबईच्या चर्चमध्ये बसतात. त्यांच्या घराण्याची मूळ आजी रमाबाईच. तिथे वंशावळ रक्तातून चालत नाही.

याउलट नीलकंठशास्त्री गोऱ्यांची मुलगी. काशीचे हे चित्पावन पंडित ख्रिस्ती मत खोडायला निघाले आणि 1848 साली नेहेम्या झाले. मुलगी एलन लक्ष्मी तान्ही असतानाच आई वारली. ती इंग्रज कुटुंबात वाढली, इंग्लंडात शिकली आणि तिने लिहिलेली इंग्रजी भक्तिगीते तिकडच्या चर्चमधून गायली गेली. श्रद्धा पोचली, पण मराठीचे बोट सुटले. लक्ष्मी हे नाव तेवढे मधे राहिले.

आता दुसरा प्रवाह. गोव्यात आणि वसईत प्रश्न वेगळाच होता, कारण तिथे पहिल्या पिढीने श्रद्धा निवडली असे सरसकट म्हणता येत नाही. पोर्तुगीज सत्तेची जबरदस्ती, सवलती, भीती हे सगळे त्यात होते. पण धर्म आला कसा यावरून तो टिकला का याचे उत्तर मिळत नाही. 1739 साली चिमाजी अप्पांनी वसई घेतली. युरोपीय पाद्री गेले, कित्येक चर्चे ओस पडली. जबरदस्तीचाच धर्म असता तर त्या दिवशी तो गळून पडायला हवा होता. काही घरे शुद्धी करून परत गेलीही. बहुतेक राहिली. गोव्याहून येणाऱ्या मोजक्या देशी पाद्र्यांवर आणि घरातल्या बायकांवर भिस्त ठेवून ती राहिली. संध्याकाळी दिवा लावून माळेची प्रार्थना, गावच्या क्रुसापाशी जमणे, मेलेल्यांसाठी मिस्सा. वसईतले सामवेदी ख्रिस्ती आणि सामवेदी ब्राह्मण आजही एकच कादोडी बोली बोलतात. देव बदलला, बोली बदलली नाही, आणि माझा अंदाज असा की देव टिकायला तीच कारण झाली.

हे सत्ताधाऱ्यांना कळले नव्हते. फादर थॉमस स्टीफन्स या इंग्रज जेझुइटाला मात्र कळले होते. पुराणे गेली, त्यांच्या जागी आम्हाला काय, असे नव्या ख्रिस्ती लोकांनी विचारले म्हणून त्याने जवळजवळ अकरा हजार ओव्यांचे 'ख्रिस्तपुराण' रचले. ते 1616 साली रायतूरला रोमन लिपीत छापले गेले. पुढे 1684 साली गोव्याच्या व्हाइसरॉयने देशी भाषा मोडीत काढण्याचा हुकूम काढला, आणि 1736 साली धर्मसभेने अंगणातल्या तुळशीपासून लग्नातल्या ओव्यांपर्यंत कितीतरी घरगुती गोष्टींवर बंदी घातली. श्रद्धा शुद्ध राहावी म्हणून घरातली गाणी काढून घ्यायची! पण घरे हुकमाने चालत नाहीत. कानडा मुलखात गेलेल्या ख्रिस्ती कुटुंबांनी त्या पुराणाच्या हस्तलिखित प्रती बरोबर नेल्या. 1784 ते 1799 या काळात टिपूच्या कैदेत श्रीरंगपट्टणला त्यांच्यातल्या हजारोंनी दिवस काढले. सुटून आलेल्यांनी पुन्हा घरे आणि चर्चे उभी केली, आणि 1907 साली 'ख्रिस्तपुराण' पुन्हा छापले गेले ते मंगळूरलाच, त्या भागात जपलेल्या हस्तलिखितांवरून. पोथी देव्हाऱ्यात ठेवतात तशी कुणाकुणाच्या पेटीत ती तीनशे वर्षे होती.

तिसरा प्रवाह खेड्यातला, आणि संख्येने मराठी प्रॉटेस्टंटांचा कणा तोच. अमेरिकन मराठी मिशन 1813 साली मुंबईत आले, 1831 साली नगरला. ब्राह्मण धर्मांतरितांची चरित्रे लिहिली गेली म्हणून ती दिसतात. पण 1876 ते 78च्या दुष्काळानंतर नगर जिल्ह्यातल्या महार-मांग वस्त्यांतून जी माणसे आली त्यांची नावे चर्चच्या वहीतच राहिली. सुरुवातीला उल्लेख झालेल्या नारायण शेषाद्रींनीच पुढे जालन्याजवळ सालारजंगांनी दिलेल्या जमिनीवर बेथेल हे ख्रिस्ती गाव वसवले. आपल्या धाकट्या भावाला ज्यांना सोबत नेता आले नाही, त्यांनी अख्खे गाव नेले. पोटासाठी बाटले, हा टोमणा या लोकांनी शंभर वर्षे ऐकला. भुकेल्याने भाकरीसाठी धर्म धरला असेल, क्षणभर मान्य करू. मग दुष्काळ सरल्यावर, मिशनरी गेल्यावर, त्याच्या पणतवाने तो का धरून ठेवला?

कारण धरून ठेवण्यात तोटाच होता. 1950च्या राष्ट्रपतींच्या अनुसूचित जाती आदेशाने सवलती हिंदूंपुरत्या ठेवल्या. 1956 साली शीख आणि 1990 साली बौद्ध त्यात आले. ख्रिस्ती आजही बाहेर आहेत. याचा परिणाम घराघरांत झाला. शाळेच्या दाखल्यावर 'हिंदू महार' आणि चर्चच्या रजिस्टरात शमुवेल किंवा मार्था, अशी दोन नावांची मुले वाढली. शिक्षकाने विचारले तर काय सांगायचे हे आईने घरातून निघतानाच बजावलेले असायचे. जी श्रद्धा उघड सांगायची असते ती लपवायला शिकवणे हेच धर्मशिक्षणाचा भाग झाले. याला ढोंग म्हणणाऱ्यांना मी एवढेच विचारतो: तुमच्या मुलाची शिष्यवृत्ती आणि तुमचा देव यांतून एक निवडायची वेळ सरकारने तुमच्यावर कधी आणली आहे का? नगर-जालन्याकडे एकाच आडनावाच्या भावकीत एक घर बौद्ध, एक ख्रिस्ती, एक हिंदू असते. लग्नात तिघे एका पंक्तीला बसतात.

नावांवरूनही पिढ्या ओळखता येतात. पहिल्या पिढीत भागाबाई आणि सावळाराम. दुसरीत याकोब, रूथ, दानिएल. स्वातंत्र्यानंतर विजय, सुनीता, प्रकाश, म्हणजे चारचौघांत उठून न दिसणारी. आणि आता पुन्हा एथन, केझाया, जी उठून दिसतात पण मराठी आजीला नीट उच्चारता येत नाहीत.

परदेशात या विषयाची मोजदाद झाली आहे. व्हर्न बेंगट्सन यांनी दक्षिण कॅलिफोर्नियातल्या साडेतीनशे कुटुंबांचा 1970पासून पस्तीस वर्षे माग ठेवला. त्यांचा निष्कर्ष असा की आईबाप किती धार्मिक यापेक्षा मुलांना त्यांची माया किती लाभली, विशेषतः बापाची, यावर श्रद्धा उतरणे अवलंबून असते. आजी-आजोबांचा वाटाही त्यांना दिसला. ब्रिटनमध्ये डेव्हिड व्होआस आणि सहकाऱ्यांना 2005 साली आढळले की दोघेही पालक श्रद्धावान असतील तर मुलात ती उतरण्याची शक्यता निम्मी, एकच असेल तर त्याच्याही निम्मी. आपल्याकडे अशी मोजणी झालेली नाही. 2011च्या जनगणनेत महाराष्ट्रातले ख्रिस्ती 10 लाख 80 हजार, म्हणजे लोकसंख्येच्या एक टक्क्याहून किंचित कमी, एवढाच आकडा हाती आहे, आणि दोन नावांच्या मुलांमुळे तोही पुरता खरा नाही.

कॅलिफोर्नियाचा तो निष्कर्ष मला पटतो, कारण आमच्या घरी तेच झाले. आजोबा पाळक होते आणि कडक होते. जेवणाआधी वचन पाठ म्हणून दाखवल्याशिवाय ताट मिळत नसे. त्यांच्या पाच मुलांपैकी तिघांनी मोठेपणी चर्चचे तोंड फक्त नाताळात पाहिले. आजीला वाचता येत नव्हते. ती 'उपासना संगीता'तली गाणी पाठ म्हणायची, भाकऱ्या थापताना, चुकीच्या शब्दांसह. आम्हा नातवंडांत जी काही श्रद्धा आहे ती त्या चुकीच्या शब्दांतून आली. पौलाने तीमथ्याला पत्र लिहिले तेव्हा त्यानेही आजी लोईस आणि आई युनीके यांचीच आठवण काढली आहे. बापाचा तिथे उल्लेख नाही.

आज मात्र दोर नेमका इथेच विरळ झाला आहे. पुण्या-मुंबईच्या मंडळ्यांत मराठी उपासनेला पिकली डोकी आणि इंग्रजी उपासनेला तरुण. एकाच घरातली माणसे रविवारी दोन वेळांना दोन भाषांतून देवापुढे जातात. मुले इंग्रजी माध्यमात शिकतात, त्यांना बोधकथा यूट्यूबवरून मिळतात, गिटारवरची गाणी मिळतात. त्यात वाईट काही नाही. पण आजीबरोबर म्हणता येईल असे एकही गाणे त्यांच्याकडे नसते. कॅथलिकांनी हा धोका आधी ओळखला. 1962 ते 65च्या व्हॅटिकन परिषदेनंतर मिस्सा लोकभाषेत आली, वसईत ती मराठीत रुजली, आणि फादर फ्रान्सिस दिब्रिटोंचे 'सुबोध बायबल' त्याच मातीतून आले. 2020 साली ते उस्मानाबादच्या साहित्य संमेलनाचे अध्यक्ष झाले तेव्हा पाद्री कसा अध्यक्ष, असे विचारणारे निघालेच. वसईतल्या आज्यांना मात्र त्यात नवल वाटले नसेल.

मिश्र विवाहांची चिंता चर्चमध्ये फार होते. कॅथलिक नियमांप्रमाणे मुलांना आपल्या श्रद्धेत वाढवायचा शक्य तो प्रयत्न करीन, असे वचन कॅथलिक जोडीदाराकडून घेतले जाते. कागदावर ते ठीक आहे. पण मी पाहिलेल्या कित्येक घरांत दोघेही ख्रिस्ती, दोघेही नोकरीवाले, आणि संध्याकाळची कौटुंबिक प्रार्थना आठवड्यातून एकदाही नाही. मुलांना संडे स्कूलला सोडायचे, तासाने आणायचे, जसे पोहायच्या क्लासला. मंडळ्यांनीही यावर उपाय म्हणून संडे स्कूलसाठी प्रोजेक्टर घेतले. माझे स्पष्ट मत आहे की तो पैसा वाया गेला.

नव्या पंथांकडे जाणारी मुले हा आणखी एक विषय. जुन्या मंडळ्या त्याकडे गळती म्हणून पाहतात. मी तसे पाहत नाही. आईबापांनी तान्हेपणी दिलेला बाप्तिस्मा पुरेसा वाटला नाही म्हणून विसाव्या वर्षी जो नदीत उतरतो, त्याने निदान एकदा स्वतः निवड केली आहे. नारायण शेषाद्रींनीही तेच केले होते.

आमच्या घरी 1903 सालचे एक बायबल आहे. पुठ्ठा गेला आहे, पहिल्या कोऱ्या पानांवर जन्म, बाप्तिस्मा आणि मृत्यू यांच्या नोंदी आहेत. पहिली नोंद पणजीची. तिच्या जन्माची तारीख कुणाला ठाऊक नव्हती, म्हणून फक्त बाप्तिस्म्याची आहे, बोरूने लिहिलेली. मग टाकाची शाई, मग बॉलपेन. शेवटची नोंद 1994ची, माझ्या वडिलांच्या अक्षरातली. त्यानंतर घरात चार मुले जन्मली. चौघांचेही बाप्तिस्मे झाले, फोटो काढले, जेवणे दिली. बायबलात नोंद कुणीच केलेली नाही.